एक चमचा, एक मिनिट: उलट्या-जुलाब घरात शिरले की काय करायचं

रात्री दोन वाजता मूल उठतं, भडाभडा ओकतं आणि सकाळपर्यंत चार-पाच वेळा पाण्यासारखी शी होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईच्या पोटात ढवळायला लागतं, तिसऱ्या दिवशी आजोबा आडवे होतात. घरात चर्चा मात्र परवाच्या पाणीपुरीची चाललेली असते. एका जेवणातून सगळ्यांना बाधा झाली असती तर सगळे साधारण एकाच वेळी पडले असते. एक-दीड दिवसाच्या अंतराने एकामागून एक माणूस पडतो, तेव्हा बहुतेक वेळा विषाणू हाताहातातून पुढे सरकत असतो.

मोठ्यांमध्ये आणि सगळ्या वयांत सर्रास आढळणारा नोरोव्हायरस, आणि दोन वर्षांखालच्या बाळांना जास्त छळणारा रोटाव्हायरस, हे यातले दोन मुख्य. नोरोव्हायरसमुळे जगात दरवर्षी अंदाजे ६८ कोटी ५० लाख माणसं आजारी पडतात आणि सुमारे दोन लाख दगावतात, त्यांत पन्नास हजारांच्या आसपास मुलं. रोटाव्हायरसने २०१६ या एका वर्षात पाच वर्षांखालची सुमारे १ लाख २८ हजार मुलं गेली. नोरो श्रीमंत देशांनाही सोडत नाही. त्याचं नावच अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावावरून पडलं. १९६८ साली तिथल्या प्राथमिक शाळेत साथ आली आणि त्या नमुन्यांतून १९७२ मध्ये आल्बर्ट कापिकियन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू पाहिला. आजारी सगळीकडेच पडतात, मरतात मात्र जिथे अंगातलं गेलेलं पाणी वेळेत भरून निघत नाही तिथे.

या विषाणूंना मारणारं औषध नाही. घरात करायची कामं दोनच: गेलेलं पाणी आणि क्षार परत द्यायचे, आणि दुसऱ्याच्या तोंडात विषाणू जाऊ द्यायचा नाही. दोन्ही कामं साधी आहेत, पण मापात चुकलं की फसतात. म्हणून इथे मापांवर जास्त वेळ घालवला आहे.

हा विषाणूच आहे का?

नोरोव्हायरस शरीरात शिरल्यापासून १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो. उलट्या अचानक येतात, पोटात मुरडा येतो, अंग दुखतं, थोडा ताप असतो आणि एक ते तीन दिवसांत माणूस उठून बसतो. रोटामध्ये बाळाला आधी ताप आणि उलट्या, मग पाण्यासारखे जुलाब, आणि हे पाच-सात दिवसही चालतं. दोन्हींत शी पातळ असते, पण तीत रक्त नसतं. रक्त किंवा रक्ताची आव दिसली तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा, तो वेगळा आजार आहे.

पावसाळ्यात पोट बिघडतं हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीतल्या जुलाबांना आपण ‘थंडी बाधली’ किंवा ‘दात येतायत’ म्हणतो. रोटाव्हायरसचा भर आपल्याकडे नेमका थंडीच्या महिन्यांत असतो. आणि दात येण्याने पाण्यासारखे जुलाब होत नाहीत. दात येण्याच्या वयात बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं, विषाणू त्या वाटेने जातो.

ओआरएस कालवताना

आतड्याच्या पेशींवर एक दार असतं. मीठ आणि साखर ठरावीक प्रमाणात एकत्र आली की ते उघडतं, आणि दोघांच्या मागोमाग पाणी रक्तात शिरतं. जुलाब चालू असतानाही हे दार काम करत असतं. ओआरएसची, म्हणजे मीठ-साखरेच्या ठरलेल्या मापाच्या पाण्याची, सगळी करामत एवढीच. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत मीठ-साखरेचं पाणी भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच ते पाजायला लावलं. तिथला मृत्युदर तीस टक्क्यांच्या आसपास होता, तो ३.६ टक्क्यांवर आला.

आज मिळणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या मोठ्या पुडीत २०.५ ग्रॅम पावडर असते: मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. ही पुडी एक लिटर पाण्यासाठी आहे. सव्वाचार ग्रॅमच्या आसपासची लहान पुडी मिळते, ती २०० मिलिलिटर पाण्यासाठी. किती पाणी घ्यायचं ते पुडीवर छापलेलं असतं, ते दर वेळी वाचा, कारण दोन्ही पुड्या रंगाने, चित्राने सारख्याच दिसतात.

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात वाईट चूक इथेच होते: लिटरची पुडी एका पेल्यात कालवणं. ‘दाट केलं म्हणजे जास्त ताकद येईल’ असं वाटतं. होतं उलटं. तीव्र पाणी आतड्यात गेलं की ते शरीरातलंच पाणी आतड्यात ओढून घेतं, जुलाब वाढतात आणि बाळाच्या रक्तातलं सोडियम चढून झटके येऊ शकतात. दुसरी चूक म्हणजे ‘आत्ता अर्धी, संध्याकाळी अर्धी’ म्हणून पुडी अर्धी वापरणं. पुडीतली पावडर एकसारखी मिसळलेली राहत नाही, जड क्षार तळाला बसतात. अर्ध्या पुडीत अर्धं मीठ असेलच असं नाही. पूर्ण पुडी, पूर्ण पाणी.

तांब्या हे माप धरू नका, प्रत्येक घरचा तांब्या वेगळा. पाण्याची रिकामी एक लिटरची बाटली स्वच्छ धुऊन घ्या, तिच्यात उकळून पूर्ण गार केलेलं पाणी भरा, ते भांड्यात ओता, मग पुडी रिकामी करा आणि ढवळा. कालवल्यावर उकळायचं नाही. साखर, दूध, सरबत, लिंबू काही घालायचं नाही. चव डोळ्यांतल्या पाण्याइतकी खारट लागली पाहिजे, त्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि नवीन करा. झाकून ठेवा, २४ तासांनी उरलेलं टाकून द्या.

पुडी हाताशी नसेल, दुकान बंद असेल, तर तेवढ्यापुरतं घरी करता येतं: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. इथे चमचा म्हणजे पाच मिलिलिटरचा. पोहे खायचा चमचा यापेक्षा मोठा असतो, त्याने मीठ जास्त पडतं. औषधाच्या बाटलीसोबत येणाऱ्या टोपणावर पाचची रेघ असते, ते टोपण सगळ्यात भरवशाचं. चमचा भरून सुरीच्या पाठीने सपाट करा. या पाण्यात पोटॅशियम नसतं, म्हणून सोबत कुस्करलेलं केळं किंवा वरणाचं पाणी द्या आणि सकाळ होताच पुडी आणा.

औषधाच्या दुकानात पुठ्ठ्याच्या छोट्या डब्यांत फळांच्या चवीची पेयं मिळतात. त्यांपैकी काहींच्या नावातच ‘ओआरएस’ हा शब्द होता. त्यांत साखर भरपूर आणि क्षार कमी. ठरलेल्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर हा शब्द वापरायला एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. तरी घेताना ‘डब्ल्यूएचओ सूत्र’ असं लिहिलेलं पाहूनच घ्या. कोला आणि बाटलीबंद ज्यूसमध्ये लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते, ओआरएसमध्ये साडेतेरा. जुलाबात कोला पाजणं म्हणजे जुलाब वाढवणं. नुसत्या ग्लुकोज पावडरचं पाणीही कामाचं नाही, कारण मिठाशिवाय ते दार उघडत नाही.

पाजताना

‘पाजलं की ओकतो, पोटात काही ठरतच नाही,’ म्हणून सलाईन लावायला नेलेल्या मुलांपैकी बरीचशी मुलं चमच्याने सावरली असती. तहानलेलं मूल पेला हिसकावून गटागटा पितं. विषाणूने चिडलेलं पोट एकदम ताणलं जातं आणि सगळं बाहेर येतं. म्हणून पेला त्याच्या हातात द्यायचा नाही.

उलटी झाली की दहा मिनिटं थांबा. मग पाच मिलिलिटरचा एक चमचा द्या. घड्याळ समोर ठेवा. एक-दोन मिनिटांनी दुसरा चमचा. बाळ चमचा घेत नसेल तर सुई नसलेल्या पाच मिलिलिटरच्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला, जिभेच्या कडेने हळूहळू सोडा. सरळ घशात मारू नका, ठसका लागतो.

हे काम किती मोठं आहे याचा हिशोब आधीच करून ठेवला तर मध्येच धीर सुटत नाही. पाणी थोडं कमी झालेल्या, म्हणजे डोळे खोल, चिडचिडं, अधाशासारखं पिणाऱ्या मुलाला चार तासांत वजनाच्या किलोमागे ७५ मिलिलिटर ओआरएस द्यायचं असतं. दहा किलोच्या मुलाला साडेसातशे मिलिलिटर, म्हणजे दीडशे चमचे. दोनशे चाळीस मिनिटांत दीडशे चमचे, दर दीड मिनिटाला एक. हे एकट्या आईचं काम नाही. बाबा, आजी, शेजारच्या काकू, कुणीही तास-तास वाटून घ्या. दीडशेवा चमचा जाईपर्यंत मूल बहुतेक वेळा शांत झोपलेलं असतं आणि लंगोट ओला झालेला असतो. अशा मुलाला हे चार तास आरोग्य केंद्रात, डॉक्टर किंवा नर्सच्या नजरेखाली काढता आले तर सगळ्यात बरं. तिथे पोहोचेपर्यंत वाटेतही चमचा चालू ठेवा.

पाणी अजून कमी झालेलं नसेल तर प्रत्येक पातळ शीनंतर एवढं द्या: दोन वर्षांखाली ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २००, त्याहून मोठ्यांना हवं तितकं. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध बंद करू नका, उलट जास्त वेळा पाजा. वरचं दूध असेल तर नेहमीच्याच प्रमाणात कालवा, पाणी वाढवू नका.

घरातल्या मधुमेही माणसाला ओआरएसची भीती वाटते. २०० मिलिलिटरच्या पेल्यात पावणेतीन ग्रॅम ग्लुकोज असतं, अर्ध्या चमच्याहून थोडं जास्त. पाणी कमी होऊन मूत्रपिंडावर ताण येण्याचा धोका त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. मात्र रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी, मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा हृदय-मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळ्यांचं काय करायचं ते विचारा. नोरोव्हायरसने जाणाऱ्यांत म्हाताऱ्या माणसांची संख्या मोठी असते आणि ‘मला तहानच नाही’ असं तीच म्हणतात.

खाणं, झिंक आणि न द्यायच्या गोळ्या

लंघन नको. उलट्या ओसरल्या की तीन-चार तासांत मऊ भात, मुगाची खिचडी, ताक-भात, नाचणीची पेज, केळं, जे घरी शिजतं ते थोडं थोडं द्या, वर चमचाभर तूप किंवा तेल घाला. आतड्याचं सोललेलं अस्तर अन्नाशिवाय भरून येत नाही. बरं झाल्यावर दोन आठवडे दिवसाला एक जेवण जास्त द्या, नाहीतर घटलेलं वजन तसंच राहतं आणि पुढचा जुलाब त्याच बाळाला जास्त जड जातो.

झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज एक, चौदा दिवस. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी. चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून द्या. अंगणवाडीत, आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ओआरएससोबत ती फुकट मिळते. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि गोळ्यांची पट्टी फ्रिजवर पडून राहते, असं घरोघरी होतं. झिंक आतड्याची दुरुस्ती करतं आणि पुढच्या काही महिन्यांतले जुलाबही कमी करतं, पण चौदाही गोळ्या गेल्या तर.

जुलाब बांधणारी लोपेरामाईडची गोळी मुलांना कधीही देऊ नका, आतड्याची हालचाल थांबून पोट फुगतं आणि जीव धोक्यात येतो. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही, वर त्याने स्वतःचे जुलाब होतात. उलटी थांबवण्याचं औषध कधी कधी एका डोसपुरतं उपयोगी पडतं, पण ते डॉक्टरांनी तपासून द्यायचं.

दवाखान्यात कधी

बाळाची टाळू खोल गेली की तिच्यावर तेलाचा बोळा ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. तेल घातल्याने नुकसान नाही, पण टाळू आत जाते ती अंगातलं पाणी कमी झाल्यामुळे, आणि ती पाण्यानेच वर येते. तेल ठेवून वाट पाहण्यात तास जातात, ते तास मोलाचे असतात.

पोटाची चिमूट ही चाचणी शिकून घ्या. बेंबी आणि कुशीच्या मधोमध कातडी अंगठा आणि तर्जनीत उभी धरा, एक सेकंद, आणि सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक. सावकाश बसली तर पाणी कमी आहे. दोन सेकंदांहून जास्त वेळ घडी तशीच राहिली तर निघा. खूप बारीक किंवा खूप गुटगुटीत मुलात ही चाचणी फसवते, तिथे बाकीची लक्षणं बघा: मूल मलूल पडलंय, हाक मारली तरी नीट बघत नाही, पिऊ शकत नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, सहा-आठ तासांत लघवी नाही. हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, जास्त आणि न उतरणारा ताप, फुगून घट्ट झालेलं पोट यांतलं काहीही असेल तर वाट पाहू नका. दोन महिन्यांखालचं बाळ असेल तर एवढंही बघत बसू नका. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत मूल शुद्धीत असून गिळत असेल तर चमचा चालू ठेवा.

सलाईन याच वेळी लागतं: पाणी खूप कमी झालेलं असताना किंवा तोंडाने काहीच जात नसताना. बाकी वेळी ‘एक बाटली चढवून टाका’ हा आग्रह डॉक्टरांपाशी धरू नका.

ओकारी पुसताना

आजार घरभर पसरतो तो इथे. नोरोव्हायरसचे अवघे अठरा कण आजारी पाडायला पुरतात असा अंदाज आहे, आणि एका उलटीत ते कोट्यवधींनी असतात. उलटी होताना बारीक तुषार हवेत उडतात आणि दोन मीटरपर्यंतच्या वस्तूंवर बसतात. आपण काय करतो? फरशीवर पाणी ओततो, फिनेल टाकतो, आणि त्याच पोछ्याने पुढे अख्खी खोली पुसतो.

फिनेलचा वास येतो, विषाणू मात्र बहुतांश तसाच राहतो. कोरोनाच्या विषाणूला चरबीचं वेष्टन होतं, ते साबण-अल्कोहोलने विरघळायचं. नोरो आणि रोटाला ते वेष्टन नाही. इथे क्लोरीन लागतं, आणि तेही पुरेसं.

दुकानात मिळणारं सोडियम हायपोक्लोराइट बहुधा चार किंवा पाच टक्क्यांचं असतं, बाटलीवर बघा. जिथे ओकारी किंवा शी पडली तिथे पाच टक्क्यांचं असेल तर १०० मिलिलिटरमध्ये ९०० मिलिलिटर पाणी घाला. चार टक्क्यांचं असेल तर १२५ मिलिलिटर घेऊन एकूण लिटर करा. कड्या, नळ, बटणं पुसायला याच्या पाचपट पातळ, म्हणजे लिटरला २० ते २५ मिलिलिटर पुरतं. गावात ग्रामपंचायतीची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर मिळते. ती ३३ टक्क्यांची आणि ताजी असेल तर लिटरला १५ ग्रॅम, पातळ द्रावणाला ३ ग्रॅम. पिशवी उघडी राहिलेली, ओलसर, गुठळ्या झालेली पावडर वापरू नका, तिच्यातलं क्लोरीन उडून गेलेलं असतं. द्रावण रोजचं रोज नवीन करा.

आधी मुलांना आणि बाकीच्यांना खोलीबाहेर काढा, खिडकी उघडा, पंखा बंद करा. हातात मोजे नसतील तर प्लास्टिकच्या जाड पिशव्या चढवा, नाका-तोंडावर फडकं बांधा. ओकारीवर जुनी वर्तमानपत्रं टाका, ती शोषून घेतील. मग कडेकडून मध्याकडे गोळा करत उचला आणि पिशवीत घालून दुसऱ्या पिशवीत बांधा. झाडू लावू नका, त्याने कण उडतात. हे उचलल्याशिवाय क्लोरीन ओतायचं नाही: घाणीतच त्याची ताकद खर्ची पडते आणि फरशीला काही उरत नाही. स्वच्छ केलेल्या जागेवर आणि भोवतालच्या दोन मीटरवर द्रावण पसरा, दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग साध्या पाण्याने धुवा. वापरलेलं फडकं टाकून द्या.

एक गोष्ट जिवाची आहे: संडास घासायचं ॲसिड आणि क्लोरीन कधीच एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू सुटतो, आणि आपले संडास-बाथरूम लहान, बंद असतात. ॲसिडने आधीच धुतलं असेल तर भरपूर पाण्याने वाहवून टाका आणि क्लोरीन नंतर वापरा.

पुसायच्या जागा आपल्या घराच्या पद्धतीने शोधा. संडासातला मग, जेट स्प्रेचा दांडा, नळाची चावी, आतली कडी, फ्लशचं बटण. धुतल्यानंतर ओला हात सगळ्यात आधी यांनाच लागतो. मग दिव्यांची बटणं, फ्रिजचा दांडा, माठाचं ओगराळं, रिमोट, मोबाइल. मोबाइलवर द्रावण ओतू नका, पिळून काढलेल्या फडक्याने पुसा.

कपडे झटकू नका. अलगद गुंडाळून वेगळे काढा, ६० अंशांच्या वर गरम पाण्यात साबणाने धुवा, कडक उन्हात वाळवा.

हात आणि स्वयंपाक

सॅनिटायझरवर विसंबू नका. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद, नखांच्या खाली आणि अंगठ्याभोवती. साबण हा विषाणू मारत नाही, कातडीवरून सुटा करतो आणि पाणी त्याला वाहून नेतं. म्हणून बादलीत हात बुडवून चालत नाही, वरून पाणी ओतायला हवं.

आजारी माणसाने स्वयंपाक करायचा नाही, आणि शेवटची उलटी किंवा जुलाब होऊन पुढचे किमान ४८ तासही नाही. बरं वाटल्यावर दोन आठवडे आणि कधी त्याहून जास्त काळ विषाणू शीतून बाहेर पडत असतो. आपल्या घरांत हा नियम पाळणं अवघड जातं, कारण आजारी पडलेली आईच उठून पोळ्या लाटायला लागते. दोन दिवस दुसऱ्याने पिठलं-भात करावा. मेस, केटरर, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्यांनी आजारी कामगाराचा दोन दिवसांचा रोज कापू नये. रोज बुडेल म्हणूनच माणूस जुलाब लपवून कणीक तिंबतो, आणि मग अख्खं मंगल कार्यालय आजारी पडतं. २०१२ मध्ये पूर्व जर्मनीत गोठवलेल्या स्ट्रॉबेरीतून सुमारे अकरा हजार जणांना लागण झाली, त्यांत बहुतेक शाळकरी मुलं होती. गोठवल्याने नोरो मरत नाही.

कोकण-गोव्यातल्या वाचकांसाठी: कालवं, तिसऱ्या, शिणाणे पाणी गाळून जगतात, आणि खाडीत मैलापाणी येत असेल तर विषाणू साठवतात. शिंपला उघडला म्हणजे शिजलं असं नाही. वाफेवर तोंड उघडल्यावरही चांगली उकळी येऊ द्या. परदेशात राहणाऱ्यांनी कच्ची कालवं टाळलेलीच बरी.

साथीच्या दिवसांत पिण्याचं पाणी खळखळून उकळा. क्लोरीनचे थेंब नेहमीच्या मात्रेत बहुतेक जीवाणूंना पुरतात, हे विषाणू त्यांच्याहून चिवट आहेत.

वसतिगृह, आश्रमशाळा, छावणी

एकाच ठिकाणी दोन-तीन जणांना एकाच दिवशी उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. आजाऱ्यांसाठी एक संडास वेगळा ठेवा, त्याच्या दारावर कागद चिकटवा, तिथला मग-बादली बाहेर नेऊ नका. पातळ शीचा नमुना पहिल्या दोन-तीन दिवसांत स्वच्छ, कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत घ्या आणि बर्फावर पाठवा. उशीर झाला तर विषाणू सापडणं कठीण होतं आणि अहवालात ‘अन्नातून विषबाधा’ एवढंच उरतं. २०१८ च्या प्याँगचांग हिवाळी ऑलिंपिकमध्ये नोरो शिरला, तेव्हा सुमारे बाराशे सुरक्षारक्षकांना कामावरून बाजूला करून त्यांच्या जागी सैनिक आणावे लागले. खेळ ठरल्या दिवशी सुरू झाले.

लस

नोरोव्हायरसवर लस अजून बाजारात नाही. रोटावर आहे, तोंडाने द्यायची, आणि सरकारी लसीकरणात फुकट. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना एकेक डोस. देशी रोटाव्हॅक लशीचा विषाणू दिल्लीच्या एम्समध्ये १९८०च्या दशकात नवजात बाळांत सापडला. त्या बाळांना लागण झाली होती, पण जुलाब नव्हते. डॉ. महाराज किशन भान यांच्या गटाने त्यावर काम केलं आणि दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळचं वढू इथल्या सुमारे ६,८०० बाळांवर चाचणी झाली. पहिल्या वर्षात रोटाचे गंभीर जुलाब निम्म्याहून जास्त कमी झाले. दुसरी लस, रोटासिल, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. लस घेतलेल्या बाळालाही जुलाब होऊ शकतात, नोरोने तर होऊच शकतात, पण रोटाने रुग्णालयात न्यायची वेळ कमी येते.

लशीनंतरच्या आठवड्याभरात बाळ पाय पोटाशी घेऊन थांबून थांबून किंचाळत असेल, उलट्या आणि शीमध्ये रक्त असेल, तर आतडं आतड्यात अडकल्याची शंका घेऊन लगेच रुग्णालय गाठा. हे फार क्वचित होतं, पण काही तासांत ओळखावं लागतं.

आज घरातलं माता-बाल संरक्षण कार्ड काढा आणि ‘रोटा’च्या तीन रकान्यांत तारखा आहेत का बघा. पहिला डोस राहिला असेल आणि बाळ अजून वर्षाचं झालं नसेल तर तो देता येतो. पुढच्या लसीकरण सत्राला कार्ड घेऊन जा आणि आशाताईंना तो रिकामा रकाना दाखवा.